पाय टेकला तर

गेल्या हिवाळ्यात आम्ही ऑफिसमधल्या सात जणांनी ठरवलं, की सहा दिवस रोज तीन तास घरातच ट्रेनरवर सायकल चालवायची आणि ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे पैसे घ्यायचे. पैसे जाणार होते माझ्या गावाकडे, रिसोड तालुक्यात. तिथे पायी शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली घ्यायच्या होत्या. ट्रेनर म्हणजे मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात ते यंत्र. पेडल मारलं की आतलं जड चाक फिरतं, चुंबक त्याला अडवतो आणि अ‍ॅप समोर आल्प्सचा घाट दाखवतं. सायकल जागची हलत नाही.

पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर आबाजींना हे दाखवलं. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे.

"कुठी चालला रे?"

"कुठीच नाही, आबाजी."

मग पैशांचं सगळं समजावून सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "रातच्याला तुह्यावर पाळत कोण ठेवते?"

प्रश्न मला कळलाच नाही. ज्यांचं बालपण १९७०-८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या लहान गावांत गेलं, त्यांना तो लगेच कळेल. तेव्हा गावोगाव एक सायकलवाला यायचा. गुजरीच्या मोकळ्या जागेत मधोमध बांबू रोवायचा, त्यावर भोंगा आणि बल्ब टांगायचा आणि त्याच्याभोवती गोल गोल फिरत राहायचा. तीन दिवस, पाच दिवस, बहुतेकदा सात दिवस. जेवण, आंघोळ, दाढी सगळं सायकलवरच. संध्याकाळी गर्दी जमली की कसरती: चालत्या सायकलवरून वाकून जमिनीवरची नोट दातांनी उचलायची, छातीवर ट्यूबलाइट फोडून घ्यायची. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे आणि देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारलं जायचं. अट एकच, पाय जमिनीला लागता कामा नये. सातच दिवस का, यावर माझा एक तर्क आहे. ज्या गावाला हरिनाम सप्ताहाची सवय आहे, त्याला सात दिवस मोजायला वेगळं शिकवावं लागत नाही. (तर्कच आहे, पुरावा मागू नका.)

१९७२ च्या 'शोर' चित्रपटात मनोज कुमार मुलाच्या ऑपरेशनच्या पैशांसाठी अशीच सायकल चालवतो. इराणी दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफचा १९८७ चा 'द सायकलिस्ट' तर पूर्ण याच खेळावर आहे. त्यातला अफगाण निर्वासित बायकोच्या उपचारासाठी सात दिवस गोल फिरतो आणि भोवतीचे लोक त्याच्यावर पैजा लावतात. मखमलबाफने सांगितलं आहे, की त्याने लहानपणी असा एक पाकिस्तानी सायकलवाला पाहिला होता. तो पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा करत होता.

खेळाची दुसरी मुळं मला लंडनमध्ये सापडली, आणि तीही छपराखाली. १८७८ मध्ये इझलिंग्टनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटन याने पैज लावली, की सहा दिवसांत १,००० मैल सायकल चालवून दाखवीन. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं चाक. पठ्ठ्याने पैज जिंकली. दिवस सहाच, कारण सातवा रविवार आणि रविवारी खेळ वर्ज्य. पुढे हे वेड अमेरिकेत गेलं. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती होऊ लागल्या. जो कमी झोपेल तो जिंकेल, असा सरळ हिशोब. १८९६ मध्ये टेडी हेल १,९१० मैल चालवून जिंकला. त्याच शर्यतीत अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर होता. शेवटी शेवटी झोपेअभावी त्याला भास होऊ लागले. कुणीतरी चाकू घेऊन आपल्या मागे लागलंय, म्हणून तो पुढे जायला तयार होईना. तो पुढे १८९९ मध्ये जगज्जेता झाला. प्रेक्षक मात्र हे असलं बघायलाच तिकीट काढून येत.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला, की एका स्वाराने दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आयोजकांनी दोघांची जोडी करून आलटून पालटून चालवण्याची पळवाट काढली. ऑलिम्पिकमधली 'मॅडिसन' शर्यत ती हीच. आपल्या गुजरीत असला कायदा कधी आला नाही.

आता लोक हौसेनं आणि तयारीनं हे करतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पार केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. २०२० मध्ये कोरोनामुळे ती शर्यत रस्त्यावर झाली नाही तेव्हा ट्रेनरवर भरली आणि लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी ती जवळजवळ बारा दिवस एका जागी पेडल मारून पूर्ण केली.

आबाजींचा प्रश्न राहिलाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या गावात सायकलवाला आला तेव्हा पंचांनी रात्रीच्या पाळतीला चार पोरं बसवली होती, त्यांत हेही. चौथ्या रात्री बाकीचे तिघं झोपले. पहाटेच्या सुमारास सायकल डुलली आणि त्या माणसाचा डावा पाय जमिनीला लागला. "असा लागला आन् असा उचल्ला." त्याने आबाजींकडे पाहिलं. बोलला काही नाही, फिरत राहिला.

"मंग?"

"मंग काय. सकाळी सांगतलं म्या."

भोंगा उतरवला. जमलेले निम्मे पैसे मारुतीच्या देवळाला दिले, निम्मे त्याला. त्याची बायको तिथेच बांबूपाशी लेकरू घेऊन बसलेली होती.

मी आबाजींच्या बाजूने बोलायचा प्रयत्न केला. नियम होता, त्यांच्यावर जबाबदारी होती वगैरे. पण बोलताना मला आमच्या स्पॉन्सर लोकांचे मेसेज आठवत होते. 'आज कमी झाले का रे?' असं गमतीत विचारणारे. माझा पगार महिन्याच्या शेवटी येणारच होता. आणि आमची अट काय, तर तीन तास झाले की उतरून गरम पाण्याने आंघोळ. त्या माणसाला पैसे हवे होते आणि नुसते मागितले असते तर गावाने दिले नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने स्वतःचे हाल विकायला काढले. आणि विकत घेणाऱ्यांनी माल तपासून घेतला.

पाचव्या दिवशी माझ्या पोटरीत गोळा आला. मी अकरा मिनिटं फरशीवर बसून होतो. अ‍ॅप आपोआप थांबलं, आणि मी चढल्यावर आपोआप सुरू झालं. कुणी काही विचारलं नाही.

सायकली आल्या, नऊ. वाटप झालं त्या दिवशी आबाजी शाळेत गेले होते. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तो सायकलवाला कोणत्या गावचा होता, नाव काय त्याचं.

"भोंग्यावर सगळ्यायचे नावं घेतले," ते म्हणाले. "कोण पाच रुपये देल्ले, कोण दहा. त्याचं नाव नाही घेतलं कोणी. म्याबी नाही इचारलं."