पेटीतली शेरवानी

मागच्या सुट्टीत मुलानातवंडांना घेऊन औरंगाबादला गेलो होतो. 2023 पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे; पण आमच्या घरात अजून जुनेच नाव तोंडात येते. दौलताबाद पाहिले, बीबी का मकबरा पाहिला. मकबऱ्याच्या बाहेर नातीने विचारले, "दादा, तुमच्या पेटीतली शेरवानी इथलीच ना?"

अब्बांच्या निकाहाची ती शेरवानी हिमरूची. मग किल्ला राहिला बाजूला आणि आम्ही हातमाग शोधत निघालो.

महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा तिच्यासोबत विणकरही आले, असे परंपरा सांगते. पुढे मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले आणि ही कला तिथेच रुजली. किनखाब म्हणजे रेशीम आणि जर. तो परवडायचा अमीर-उमरावांना. हिमरूत ताणा सुती, नक्षी रेशमाची. म्हणून तो थोडा स्वस्त आणि थंडीत ऊबदार. त्याचेच भावंड मशरू. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य; मशरूत रेशीम वर राहते आणि अंगाला सूत लागते. 'मशरू' म्हणजे शरीअतला मंजूर. धर्माची मर्यादा सांभाळून डौल कसा राखावा, हे आपल्या कारागिरांनी धाग्यांतून सोडवले होते.

निजामाच्या काळात हिमरूच्या शेरवानीला मोठी मागणी होती. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, दरबारी आश्रय संपला. पुढे यंत्रमागाने तशीच दिसणारी शाल कमी दामात बाजारात आणली.

एका खोलीत माग सापडला. वयस्क चाचा खड्ड्यात पाय सोडून विणत होते. जुन्या मागावर वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायला दुसरा माणूस लागायचा, असे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. मी म्हणालो, "चाचा, मुले शिकली का?"

"शिकली. पण बसत नाहीत. मजुरीत घर चालत नाही, साहेब."

हातमागाच्या शालीची किंमत ऐकली आणि मी घासाघीस केली. जमले नाही. बाहेर येऊन दुसऱ्या दुकानातून यंत्रमागाची शाल घेतली. गाडीत नातीने ती उलटीपालटी करून पाहिली. "ही चाचांनी विणली?"

मला उत्तर देता आले नाही.

बादशहांच्या इमारतींसमोर आपण अभिमानाने फोटो काढतो आणि त्याच इतिहासाचा जिवंत वारस समोर बसलेला असताना चार पैशांसाठी पाठ फिरवतो. लग्नाच्या मांडवावर, दावतीवर आपण हात सैल सोडतो. त्यातलाच थोडा खर्च वळवून घरटी एक शेरवानी हातमागावरच्या हिमरूची शिवली, तरी कुणाचा तरी मुलगा मागावर बसेल. पुढच्या वर्षी मोठ्या नातवाचा निकाह आहे. चाचांचा पत्ता मी लिहून घेतला आहे.