एका जीपची बखर

ज्यांच्या घराण्याची बखर लिहावी अशांपैकी आम्ही नव्हेत. सनदा, महजर, ताम्रपट यांपैकी काहीही आमच्या घरी निघणार नाही. आहे ती एक पत्र्याची पेटी. तिच्यात आबांचे दोन चष्मे, सोसायटीच्या पावत्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जीपचे आर.सी. पुस्तक. ते पुस्तक हेच आमचे दप्तर. त्यात पहिले नाव एका सरकारी खात्याचे, दुसरे लिलावात गाडी घेणाऱ्या ठेकेदाराचे, तिसरे १९८१ साली लिहिलेले आबांचे आणि चौथे माझे. पहिल्या नोंदणीचे साल १९६९.

या सालाला एवढे महत्त्व का, ते पुढे येईलच.

यंदा आषाढात पुण्याहून एक गृहस्थ पाटणला आमच्या दारी आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. भर पावसात त्यांनी जीपभोवती तीन फेऱ्या घातल्या, बॉनेटवर थाप मारली आणि चहा येण्याच्या आत साडेचार लाखांचा आकडा बोलून टाकला. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराने हा आकडा ऐकून कपबशी खाली ठेवावी यात नवल नाही. मुलीचे पुढचे शिक्षण तोंडाशी आलेले, आणि माझ्या कादंबऱ्यांच्या मानधनावर कुणाचे शिक्षण झाल्याचे ऐकिवात नाही. मी "विचार करतो" म्हणालो. म्हणजे मनातून "हो"च म्हणालो. तेव्हा ते गृहस्थ जरा पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही लेखक आहात. एक पानभर लिहून द्या ना. दुसऱ्या महायुद्धातली गाडी, अमेरिकन फौजेने आसामात सोडून दिलेली, हस्ते परहस्ते इकडे आली, असं काहीतरी. मी हिला फौजी हिरवा रंग देणार, बॉनेटवर पांढरा तारा काढणार. सोबत कागद असला की शोभा येते."

कादंबरीकाराला खोटे लिहिण्याचे काय? त्याचा तो धंदाच. तरीही माझा हात अडखळला. का अडखळला ते सांगायचे, तर जीप या वाहनाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

१९४० सालच्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. मागणी अशी : चारही चाकांना जोर असणारी, हलकी, चपळ गाडी हवी, वजन १३०० पौंडांच्या आत हवे, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. बहुतेकांनी हे वेडेपण म्हणून सोडून दिले. गंभीरपणे उत्तर देणारे निघाले दोघेच, बँटम आणि विलीज. त्यांतही मुदत पाळण्याची हमी दिली ती पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीने, जी तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियराला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडा कागदावर उतरवला, आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी हॉलाबर्डच्या छावणीत दाखल झाली. १३०० पौंडांची अट मात्र कुणालाच पाळता आली नाही, आणि सैन्याला ती सैल करावी लागली.

पुढे जे झाले ते आपल्याकडच्या भाऊबंदकीत शोभावे असे आहे. बँटम लहान; एवढ्या गाड्या तिच्याने होतील हा भरवसा सैन्याला नव्हता. म्हणून तिचे नकाशे विलीज आणि फोर्ड या थोरल्या मंडळींना दाखवण्यात आले. विलीजकडे डेलमर रूस या इंजिनियराने जुन्याच इंजिनाची निगुतीने दुरुस्ती करून ४८ अश्वशक्तीचे ६० केले होते. पण गाडी वजनात बसेना. तेव्हा बोल्टांची उगाच बाहेर आलेली टोके कापली, रंगाचा एकच हात दिला, असे करत करत ती बसवली. शेवटी विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा केल्या. जिने पहिली केली त्या बँटमच्या वाट्याला अडीच-पावणेतीन हजार, आणि नंतर मागे जोडायच्या गाड्यांचे काम. 'जीप' हे नाव कुठून आले याविषयी तर अजून वाद आहेत. कोणी म्हणतो सैन्यातल्या आद्याक्षरांवरून, कोणी म्हणतो पॉपायच्या चित्रमालिकेत १९३६ साली आलेल्या एका चमत्कारिक प्राण्यावरून. मला चित्रकार म्हणून दुसरी व्युत्पत्ती आवडते. पण आवडणे हा पुरावा नव्हे.

आसामातल्या लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता १९४५ च्या जानेवारीत खुला झाला. त्या बाजूला अमेरिकन जीपा खरोखरच आल्या होत्या, आणि युद्ध संपल्यावर पुष्कळशा इथेच विकल्या गेल्या. बंगालमधल्या पानागढला अमेरिकनांचा तळ होता, आणि तिथल्या फौजी भंगाराच्या बाजाराचे नाव पुढे कितीतरी वर्षे गाजत होते. तेव्हा पुण्याचे गृहस्थ जी कथा लिहून मागत होते, ती काही गाड्यांच्या बाबतीत खरीच असणार. आमच्या गाडीच्या बाबतीत नव्हे, एवढेच.

कारण आमची जीप उंच बॉनेटची. युद्धातली जीप सखल कपाळाची. युद्ध संपल्यावर विलीजने इंजिन बदलले. आत हवा घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूला आल्या, इंजिन उंच झाले आणि ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. ते साल १९५३. म्हणजे हे कपाळ युद्धानंतर आठ वर्षांनी जन्माला आले. अमेरिकेने ही ठेवण १९६८ साली बंद केली; आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षे चालली.

आपल्याकडे ती आली कशी, याचीही एक गोष्ट आहे. १९४५ साली कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पेढी काढली. फाळणी झाली, आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली पेढीचे 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. इंग्रजी आद्याक्षरे होती तीच राहिली. विलीजचे सुटे भाग मुंबईत माझगावला आणून जुळवायला सुरुवात झाली. जाता जाता हेही सांगावे, की स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जीपखरेदीचाच. १९४८ साली लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी करार झाला. आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याही सैन्याला पसंत पडेनात. १९५५ साली सरकारने तो विषय मिटवला. असो.

अशी ही परदेशी लष्करी गाडी आपल्या खेड्यांत शिरली ती साहेबाची गाडी म्हणून. जीपची धूळ दिसली की तलाठ्याची टोपी सरळ व्हायची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांनी सरकार पाहिले ते जीपमधून उतरताना. पाच वर्षांनी हीच गाडी कर्णा लावून मते मागायला यायची.

आमची जीप आबांकडे आली तेव्हा तिचा सरकारी रुबाब उतरला होता. पेट्रोलचे भाव १९७३ पासून चढले ते चढलेच, आणि ही लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी. आबांनी तिच्यावर वडाप सुरू केले. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : एस.टी. चुकलेल्या माणसाला बाजारगावी नेणारी, आत आठ, मागे लोंबकळत चार, टपावर कोंबड्यांची डाल अशी ती वाहतूक. कायद्यात बसणारी नव्हे. परंतु आमच्या खोऱ्यातल्या किती बाळंतिणी त्या जीपने वेळेवर कराडला पोचवल्या, त्याची नोंद कायद्यानेही ठेवलेली नाही.

१९८७ साली तिच्यात डिझेल इंजिन बसले. ट्रॅक्टरचे. त्या काळी अशी अदलाबदल जागोजाग चालायची. कंपनीनेही ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आपल्या जीपांत बसवले होते. मी सहा-सात वर्षांचा होतो. कराडच्या गॅरेजात साखळीच्या घोडीवर टांगलेले ते इंजिन पाहून मी रडलो होतो, असे आई सांगते. मला आठवतो तो फक्त काळ्या तेलाचा वास. आबांनी तो बदल रीतसर आर.सी. पुस्तकात चढवून घेतला. त्या दिवसापासून ती उभी राहिली तरी थरथरायची. आरशात मागचा रस्ता कधी नीट दिसला नाही. पण खर्च निम्म्यावर आला, आणि तीच आमची भाकरी झाली.

नंतरचे फेरफारही सांगून टाकतो. कापडी हूड जाऊन पत्र्याचे टप आले. मागे समोरासमोर बाकडी आली. माझ्या कारकिर्दीत डायनामो जाऊन ऑल्टरनेटर आला. आणि एक गाढवपणा मी केला : कुणा हौशी माणसाच्या गाडीला पाहिले म्हणून रुंद टायर घातले. गाडी दिसायची पैलवान, पण स्टिअरिंग वळवताना खांदे निखळायचे. कुंभार्ली घाटात एका वळणावर माझी बोबडी वळली, आणि दुसऱ्याच आठवड्यात जुने अरुंद टायर परत आले. मिस्त्री काही बोलले नाहीत; हसले मात्र पोटभर.

तर अशी ही गाडी. पुण्याच्या गृहस्थांना ती 'मूळ स्वरूपात' हवी होती. त्यालाही कारण आहे. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. तिला वेगळा 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमची गाडी वयात बसते. चारित्र्यात बसत नाही. ज्या बदलांनी ती जगली, तेच तिच्या आड येतात. ते म्हणाले, पेट्रोल इंजिन परत बसवू, बॉनेटही सखल करून घेऊ; हरियाणात मंडी डबवालीला जीपच्या हव्या तशा बॉड्या करून मिळतात. मी हे मिस्त्रींना सांगितले. वय सत्तरीपलीकडे, पण हात अजून ग्रीसमध्ये. ते म्हणाले, "मास्तर, बॉनेट म्हंजे काय इजार हाय व्हय, चार बोटं आखूड करून शिवायला?"

बरे, न विकावी तर तेही स्वस्त नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. वर हरित कर. मूळ आराखड्याशी फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत बजावलेले. म्हणजे यापुढे हिच्यात हौसेने काही करायचे दिवस संपले.

मी ठरवले, पान लिहायचे. पण खरे लिहायचे. आवडले तर गृहस्थांनी घ्यावे. टपाच्या कडेला रंगाचे पोपडे सुटले होते, तिथे कानशीने हळूहळू खरवडले. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली मळकट निळसर करडा, मग लोखंड. दाराजवळच्या पत्र्यावरही तळाशी तोच करडा. फौजी रंगाचा मागमूस नाही. पुस्तक, पत्रे, बॉनेटची उंची, सारे एकमुखाने बोलत होते. मी लिहीत गेलो, आणि १९६९ या सालापाशी थांबलो.

कारण आमच्या गावात या जीपची आणखी एक कथा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला, तेव्हा याच जीपने ढिगाऱ्यातून काढलेली माणसे नेली, ही ती कथा. लहानपणी मी ती शाळेत ऐटीत सांगितलेली. एका कादंबरीत तर मी अशी जीप घालूनही ठेवली आहे. ही कथा सांगणारे होते आबा. आणि १९६७ साली ही गाडी रस्त्यावर आलेलीच नव्हती.

पुण्याच्या माणसाचे खोटे नाकारताना मला फार काही सोसावे लागले नव्हते. हे वेगळे होते. आबांना जाऊन अकरा वर्षे झाली; त्यांना विचारायची सोय नाही. दोन दिवस मी ते पान उलटे घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी आईला विचारले. ती गवारीच्या शेंगा मोडत होती.

"आरं, त्यांना काय पुस्तक वाचता येत नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "इंजिन बदललं तवा गाडी लई थरथरायची. बायाबापड्या भ्यायच्या बसायला. मग ते म्हणायचे, भूकंपात नाय मोडली ती, बसा बिनघोर. मग बसायच्या."

मी पान पुरे केले. भूकंपाची कथाही लिहिली. ती आबांनी का सांगितली तेही लिहिले, आणि ती घडलेली नाही हेही लिहिले. त्याची एक प्रत पुण्याला पाठवली. आठ दिवसांनी फोन आला. गृहस्थ सभ्य होते, म्हणाले, "सर, लेख उत्तम आहे. पण मला अशी गाडी नको." मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आहे. हप्ते भरताना साडेचार लाख आठवतात, ते नाकारत नाही.

दुसरी प्रत आर.सी. पुस्तकाच्या पिशवीत घातली आहे. पुढेमागे गाडी विकावी लागली, तर पाचव्या मालकाला ती गाडीबरोबर मिळेल. सध्या जीप कराडला आहे. दिवाळीनंतर पासिंग आहे, आणि मागचा डावा ब्रेक धरत नाही. मिस्त्रींचा काल निरोप होता, ड्रम घासून होणार नाही, नवा शोधावा लागेल. रविवारी मुलीला घेऊन जाणार आहे. जुना काढताना तिला पाहायचा आहे.