डार्लिंग्टनसाहेबांचे दोन व्होल्ट

गेल्या वीकांताला कपाट आवरताना कॉलेजच्या काळातला एक डबा सापडला. गिअरवाल्या दोन मोटारी, वायरींचा गुंता आणि पोट फुटलेला एक टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी रोबोटच्या स्पर्धेत हा पठ्ठ्या ऐन चढावर धूर सोडून गेला होता. अस्मादिकांनी तेव्हा सगळ्यांसमोर निकालही देऊन टाकला – पार्टनरचं सोल्डरिंग कच्चं! हल्ली हापिसात नुसता कोड बडवतो, पण डबा बघून राहवलं नाही. डेटाशीट उघडली, आणि मग तिच्यामागचा इतिहास वाचण्यात अख्खा रविवार गेला.

सुरुवात अर्थातच अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. तो बारीकसा सिग्नल मोठा करायचा; मोटर फिरवणं त्याच्या कुवतीबाहेरचं. शिवाय जर्मेनियमला एक खोड आहे. ते तापलं की बंद असतानाही त्यातून करंट झिरपतो, आणि झिरपला की ते अजून तापतं. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॉर्डन टील यांनी जास्त तापमान सोसणारा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर लोकांपुढे आणला. पुढे १९६० च्या दशकात आरसीए कंपनीचा २एन३०५५ आला. धातूच्या टोपीतला हा गडी १५ अँपिअर आणि ६० व्होल्ट झेलायचा. आता मोटर आवाक्यात आली.

पण मेख होती बेसच्या करंटमध्ये. ट्रान्झिस्टर जितका दणकट, तितका त्याचा गेन कमी. २एन३०५५ चा गेन ४ अँपिअरला कमीत कमी २० धरायचा, म्हणजे बेसला २०० मिलिअँपिअर द्यायला हवेत. मायक्रोकंट्रोलरची एक पिन वीसेक मिलिअँपिअर देते. हत्तीला लवंगेवर जगवण्यातला प्रकार!

यावरचा उपाय बेल लॅब्जच्याच सिडनी डार्लिंग्टन यांनी आधीच काढून ठेवला होता. १९५३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. कल्पना साधीच: एका ट्रान्झिस्टरने दुसऱ्याला करंट पुरवायचा, दोघांच्या गेनचा गुणाकार होतो. टीआयपी १२२ हा असाच जोडीचा ट्रान्झिस्टर. ३ अँपिअरला गेन कमीत कमी १०००, म्हणजे बेसला ३ मिलिअँपिअर पुरे. पिन खूश, विद्यार्थी खूश. तपकीर गल्लीतून आम्ही मूठभर आणले ते याच्याच जिवावर.

आता या सोयीची किंमत बघा. या जोडीतला मुख्य ट्रान्झिस्टर कधीच पुरता 'ऑन' होत नाही, कारण त्याला करंट पुरवणारा दुसरा त्याच्याच कलेक्टरला टांगलेला असतो. डेटाशीट म्हणते, ३ अँपिअरला २ व्होल्टपर्यंत आतच खर्च, ५ अँपिअरला ४ पर्यंत. मोटर सुलट-उलट फिरवायच्या एच-ब्रिजमध्ये एका वेळी असे दोन ट्रान्झिस्टर वाटेत येतात. म्हणजे ३ अँपिअरला १२ व्होल्टच्या बॅटरीतले ४ वाटेतच गायब, आणि त्यांची १२ वॉट उष्णता.

यावरचं उत्तरही जुनंच. १९५९ मध्ये मोहम्मद अटाला आणि डॉन काँग यांनी, पुन्हा बेल लॅब्जमध्येच, मॉसफेट बनवला. याच्या गेटला सतत करंट लागत नाही, व्होल्टेज लागतं. मोठा करंट झेलणारे मॉसफेट मात्र १९७० च्या दशकात आले. त्या दशकाच्या शेवटी इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीने एकाच चिपवर हजारो षटकोनी पेशी समांतर जोडून 'हेक्सफेट' विकायला काढला. त्याच घराण्यातल्या आयआरएफ ५४० चा रेझिस्टन्स ०.०७७ ओम. ३ अँपिअरला पाव व्होल्टही जात नाही, उष्णता जेमतेम ०.७ वॉट. (थांबा, लगेच खरेदीला पळू नका. हा आकडा गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. ५ व्होल्टच्या पिनवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. त्यासाठी आयआरएलझेड ४४ सारखा लॉजिक लेव्हलचा मॉसफेट घ्यावा.)

आता आमचा चढ. मोटर मोकळी फिरताना १ अँपिअर घ्यायची, तेवढंच मी मोजलं होतं आणि '५ अँपिअरचा ट्रान्झिस्टर, पाचपट सोय' म्हणून निर्धास्त होतो. परवा तीच मोटर हाताने धरून मोजली, तर मीटर ५ च्या जवळ गेला. चाक अडलं तेव्हा टीआयपी १२२ अगदी मर्यादेवर उभा होता. ४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, एकेका ट्रान्झिस्टरमध्ये २० वॉट. आणि हीटसिंक? 'वजन वाढतं' म्हणून तो काढायला लावणारा मीच.

डब्यातला बोर्ड भिंगाखाली धरून बघितला. सोल्डरिंग आजही ठणठणीत आहे.

असो. पार्टनर सध्या परदेशात असतो, दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं बोलणं उरलंय. काल रात्री त्याला बोर्डाचा फोटो पाठवला, खाली हा २० वॉटचा हिशोब लिहिला आणि चूक माझी होती म्हणून कळवलं. सकाळी उत्तर आलं – "मला तेव्हाच माहीत होतं रे. हीटसिंक अजून माझ्याकडेच आहे, पाठवू का?"