शालेय परिचारिका आणि सार्वजनिक-खासगी भागीदारी

शालेय परिचारिका म्हणजे शाळेत नेमलेली, विद्यार्थ्यांच्या आरोग्याची दैनंदिन जबाबदारी सांभाळणारी प्रशिक्षित परिचारिका होय. प्रथमोपचार, संसर्गजन्य रोगांवर लक्ष, दमा, मधुमेह वा अपस्मार असलेल्या मुलांची औषधे आणि पालक व दवाखाना यांच्याशी संपर्क ही तिची प्रमुख कामे होत. तिच्या वेतनाचा भार शासकीय यंत्रणा आणि धर्मादाय संस्था, रुग्णालये किंवा उद्योग यांनी मिळून उचलण्याच्या व्यवस्थेस सार्वजनिक-खासगी भागीदारी असे म्हणतात. ही व्यवस्था अलीकडची समजली जात असली, तरी शालेय परिचारिकेचे पद मुळात अशाच भागीदारीतून जन्माला आले. त्याचा सर्वांत तपशीलवार इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो.

आरंभ

या कामाची पहिली उदाहरणे लंडनमधील आहेत. १८९२ मध्ये अ‍ॅमी ह्यूज या परिचारिकेने ड्रुरी लेन भागातील एका शाळेत जाऊन मुलांची तपासणी सुरू केली. १८९८ मध्ये ऑनर मॉर्टेन यांच्या पुढाकाराने देणग्यांवर चालणारी लंडन स्कूल नर्सेस सोसायटी स्थापन झाली आणि १९०४ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने हे काम आपल्याकडे घेतले. आधी देणगीदार आणि मागाहून करदाता, असा हा क्रम पुढे अनेक ठिकाणी दिसतो.

न्यू यॉर्कमधील प्रयोग (१९०२)

न्यू यॉर्क शहराने १८९७ पासून शाळांमध्ये वैद्यकीय निरीक्षक नेमले होते. खुपरी, नायटा, इसब, खरूज किंवा उवा आढळलेल्या मुलाला चिठ्ठी देऊन घरी पाठवणे एवढेच त्यांचे काम असे. उपचाराची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. स्थलांतरित कामगारांच्या दाट वस्तीतील पालकांना ती चिठ्ठी पुष्कळदा वाचताही येत नसे. मूल आठवडेच्या आठवडे रस्त्यावर राही आणि शाळेतल्याच मुलांबरोबर खेळून रोग पसरवी, त्यामुळे संसर्ग रोखण्याचा मूळ हेतूही साधत नसे.

हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या वस्तीतच राहून काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांनी या त्रुटीवर बोट ठेवले. डोक्यावरील इसबामुळे बारा वर्षांचा होईपर्यंत शाळेबाहेरच राहिलेल्या एका मुलाची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्याचा आजार मलम व नियमित स्वच्छता यांनी आटोक्यात येण्याजोगा होता.

वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतील एक परिचारिका शहराला विनामूल्य देऊ केली. मात्र त्याआधी त्यांनी एक अट घातली. प्रयोग यशस्वी झाल्यास डॉक्टरप्रमाणेच परिचारिकेचे वेतनही सार्वजनिक निधीतून मिळावे यासाठी आपले वजन खर्च करू, असे वचन त्यांनी शहराच्या काही अधिकाऱ्यांकडून घेतले. या प्रयोगाच्या वर्णनांत बहुधा परिचारिकेच्या कामगिरीवरच भर असतो. प्रयोग टिकण्यास मात्र हे आधी घेतलेले वचन तितकेच कारणीभूत होते.

निवड झाली ती लीना रॉजर्स यांची. त्या मूळच्या कॅनडाच्या असून त्यांचे प्रशिक्षण टोरांटोच्या बालरुग्णालयात झाले होते. १ ऑक्टोबर १९०२ रोजी त्यांनी चार शाळांचे काम हाती घेतले. आजारपणामुळे सर्वाधिक मुले घरी पाठवली जात होती अशा शाळा मुद्दाम निवडण्यात आल्या होत्या आणि त्यांची एकत्रित पटसंख्या १०,००० च्या आसपास होती. सौम्य तक्रारींवर त्या शाळेतच उपचार करीत आणि दुपारनंतर घरोघरी जाऊन आईला मलम कसे लावावे, केस कसे धुवावेत हे दाखवीत. मूल शाळेत येत राही आणि उपचारही चालू राही.

एक महिन्याच्या चाचणीनंतर शहराच्या आरोग्य विभागाने आणखी परिचारिका नेमल्या आणि नगर अंदाजपत्रक मंडळाने या कामासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे घरी पाठवलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती, ती सप्टेंबर १९०३ मध्ये १,१०१ वर आली. रॉजर्स यांनी पुढे १९१७ मध्ये ‘द स्कूल नर्स’ हा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

खासगी निधीची मर्यादा

वॉल्ड यांच्याच दुसऱ्या एका भागीदारीचा शेवट वेगळा झाला. १९०९ मध्ये त्यांच्या सूचनेवरून मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या कामगारवर्गीय विमाधारकांच्या घरी परिचारिका पाठवण्यास सुरुवात केली. मृत्यू लांबले तर विम्याचे दावेही लांबतात, असा त्यामागे सरळ हिशेब होता. ही सेवा चार दशकांहून अधिक काळ चालली. पुढे संसर्गजन्य रोग ओसरले, खर्च वाढला आणि हिशेब जुळेनासा झाला, तेव्हा १९५३ च्या आरंभी कंपनीने ती बंद केली. ही सेवा शालेय नव्हती, तरीही शालेय परिचारिकांच्या निधीचा विचार करताना तिचा दाखला उपयोगी पडतो. येथे सेवा सार्वजनिक निधीतून पुढे चालवण्याचे वचन कोणी घेतलेले नव्हते. खासगी भागीदाराचे हित संपले की सेवाही संपते, कारण ती सुरू ठेवण्याचे कायदेशीर बंधन त्याच्यावर नसते.

लाभ कोणाच्या पदरी पडतो

शालेय परिचारिकेवर खर्च कोणी करावा हा वाद वारंवार उपस्थित होतो, कारण खर्च करणारा आणि लाभ मिळवणारा हे एकच नसतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शालेय आरोग्यसेवेचा २००९-१० या शैक्षणिक वर्षासाठी केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘जामा पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ९३३ शाळा आणि ४,७७,१६३ विद्यार्थी समाविष्ट होते. सेवेचा खर्च ७.९ कोटी डॉलर होता. त्यापासून वैद्यकीय खर्चात २ कोटी, पालकांच्या कामाच्या वेळेत २.८१ कोटी आणि शिक्षकांच्या वेळेत १२.९१ कोटी डॉलरची बचत झाल्याचे अनुमान काढण्यात आले. म्हणजे गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला सुमारे २.२० डॉलरचा लाभ झाला.

हे आकडे प्रतिकृतीवर आधारित असल्याने त्यांकडे अंदाज म्हणूनच पाहावे लागते. त्यांची विभागणी मात्र बोलकी आहे. जवळजवळ तीन चतुर्थांश लाभ शिक्षकांच्या वाचलेल्या वेळेचा आहे. परिचारिका नसेल तर ताप आलेल्या मुलाजवळ बसणे, पालकांना दूरध्वनी करणे, औषध देणे ही कामे शिक्षकावर पडतात. पण शिक्षकाचे वेतन परिचारिका असो वा नसो, तेवढेच राहते. त्यामुळे ही बचत शाळेच्या जमाखर्चात रोख रकमेच्या रूपात दिसत नाही. रुग्णालयांना किंवा विमा यंत्रणेला मिळणारा वैद्यकीय बचतीचा वाटा तर सेवेच्या खर्चाच्या जेमतेम चौथा हिस्सा भरतो. केवळ आर्थिक हिताच्या आधारे एकच भागीदार संपूर्ण खर्च उचलील अशी अपेक्षा यामुळेच फोल ठरते.

प्रचलित प्रकार

अमेरिकेत या भागीदारीची काही निश्चित रूपे आहेत. नफा न कमावणाऱ्या रुग्णालयांना करसवलतीच्या बदल्यात समाजोपयोगी खर्च दाखवावा लागतो आणि काही रुग्णालये तो शालेय आरोग्यसेवेच्या रूपाने करतात. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन बालरुग्णालय अनेक शालेय जिल्ह्यांना करारावर परिचारिका पुरवते, तेथे जिल्हा शुल्क देतो आणि नेमणूक व देखरेख रुग्णालय करते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे लुसील पॅकार्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने निवडक शाळांत पूर्णवेळ परिचारिका नेमून त्यांचे काम जवळच्या दवाखान्याशी जोडण्याचा प्रयोग झाला.

तिसरा आणि आकाराने मोठा स्रोत मेडिकेड या शासकीय आरोग्य साहाय्याचा आहे. १९८८ च्या कायद्याने अपंग विद्यार्थ्यांना शाळेत मिळणाऱ्या आरोग्यसेवांचा परतावा या योजनेतून मिळू लागला. इतर सेवांच्या बाबतीत मात्र एक विचित्र अडचण होती. जी सेवा सर्व विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते तिचा परतावा देता येत नाही, असा केंद्रीय यंत्रणेचा दंडक होता आणि परिचारिकेची सेवा तर सर्वांना विनामूल्यच असते. डिसेंबर २०१४ मध्ये हा दंडक मागे घेण्यात आला. त्यानंतर काही राज्यांनी आपापल्या मेडिकेड योजनांत बदल करून परताव्याची व्याप्ती वाढवली.

पदांची उपलब्धता

अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ मध्ये प्रत्येक शाळेत किमान एक पूर्णवेळ नोंदणीकृत परिचारिका असावी अशी शिफारस केली. त्यापूर्वी ७५० निरोगी विद्यार्थ्यांमागे एक परिचारिका हे प्रमाण मानले जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ३९ टक्के शाळांत पूर्णवेळ आणि ३५ टक्के शाळांत अर्धवेळ परिचारिका होती, तर उरलेल्या चतुर्थांश शाळांत एकही नव्हती.

अर्धवेळ व्यवस्थेतील धोका फिलाडेल्फिया शहरात प्रकर्षाने चर्चेत आला. अंदाजपत्रकातील तुटीमुळे २०११ पासून तेथील शालेय परिचारिकांची पदे मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली. सप्टेंबर २०१३ मध्ये सहावीतील एका विद्यार्थिनीला शाळेत असताना दम्याचा त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी तिचा मृत्यू झाला. त्या दिवशी शाळेत परिचारिका नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार १,५०० विद्यार्थ्यांमागे एक परिचारिका पुरेशी ठरते, त्यामुळे कायदा पाळूनही एखादी शाळा आठवड्यातील बहुतेक दिवस परिचारिकेविना राहू शकते. २०१५ मध्ये तेथील शालेय जिल्ह्याने ही सेवा बाहेरील संस्थांकडे सोपवण्यासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा परिचारिकांनी त्यास विरोध केला. शासनाने सोडलेली जबाबदारी पुरवठादाराच्या माथी मारण्यासही भागीदारीचेच नाव दिले जाते, अशी टीका अशा निविदांवर होते. १९०२ च्या न्यू यॉर्कमध्ये प्रवाह याच्या नेमका उलट, खासगीकडून सार्वजनिकाकडे होता.

भारतातील स्थिती

भारतातील शासकीय शाळांत पूर्णवेळ परिचारिकेचे पद सर्वसाधारणपणे नसते. शालेय आरोग्यतपासणी मुख्यत्वे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे होते. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक शाळेला वर्षातून एकदा आणि अंगणवाडीला दोनदा भेट देते. दोष आढळल्यास मुलाला पुढील उपचारासाठी पाठवले जाते. तपासणीची बाजू अशा रीतीने सांभाळली गेली, तरी दोन भेटींच्या मधल्या काळात लक्ष ठेवणारी व्यक्ती या रचनेत नाही. २०२० पासून आयुष्मान भारत अंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना आहे, परंतु हे काम प्रामुख्याने आरोग्यशिक्षणाचे आहे.

खासगी निधीचा संभाव्य स्रोत कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मध्ये आहे. विहित मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि आरोग्य व शिक्षण हे दोन्ही विषय अनुसूची सातमध्ये समाविष्ट आहेत. मात्र २०२१ च्या सुधारित नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ म्हणून गणल्या जाणाऱ्या कामाची मुदत, आरंभीचे आर्थिक वर्ष वगळता, तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. पहिलीत दाखल झालेले मूल तोवर चौथीत असते.