बाप दाखल्यावर आणि बाप घरात

आजचं बोलणं बापावर आहे. बायांच्या कार्यक्रमात बाप कशाला, असं एखादी म्हणेल. पण लेकराचं दुखणंखुपणं, शाळा आणि लग्न हे सगळं ओझं आपल्या एकटीच्या डोक्यावर कसं आलं, हे बघायचं तर बापाचा इतिहास बघावाच लागतो.

"लेकरं सांभाळणं बाईमाणसाचं काम, पूर्वीपासून असंच आहे," असं आपण ऐकत आलो. खरंच पूर्वीपासून असंच आहे का?

आपला नारायणगड घ्या. नगद नारायणाचं ठाणं, धाकटी पंढरी म्हणतात त्याला. तिथं वारकरी एकमेकांना काय हाक मारतात? माउली. फेटेवाला, मिशीवाला गडी असला तरी माउलीच. ज्ञानोबा पुरुष, पण सातशे वर्षं झाली, महाराष्ट्र त्यांना आईच म्हणतो. गंगाखेडच्या जनाबाईनं तर विठोबालाच लेकुरवाळा म्हटलं.

आणि पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा ऐकली. गोदावरीची वाळू तापलेली, एक लेकरू रडतंय. घर त्या काळी अस्पृश्य मानलेलं, म्हणून कुणी हात लावेना. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. कीर्तनकार या गोष्टीतून शिवाशिव कशी वाईट ते सांगतात, ते बरोबरच. पण अजून एक बघा. नाथांनी बाईचं काम केलं, असं कुणी म्हणत नाही. पुरुषाच्या हातातली माया आपल्या मुलखात कमीपणाची नव्हती.

आता खरं तेही बोलू. देवळात माउली म्हणणारा गडी घरी येऊन लेकराचं नाक पुसत होता, असं नाही. मान होता, पण काम बाईकडंच होतं. तरी काही बापांनी वेगळी वाट धरली.

बुलढाण्याचे बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. मुलींना शिकवणं पाप समजत त्या काळात त्यांनी आपल्या लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. ती लेक म्हणजे ताराबाई शिंदे. १८८२ साली तिनं 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि सगळे दोष बाईच्याच माथी का मारता, असा सवाल पुरुषांना केला. पुरुषांना जाब विचारणाऱ्या त्या लेखणीमागं एक बापच होता.

दुसरे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील. बाबासाहेब लहान असतानाच आई भीमाबाई वारल्या. पुढं मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. रामजीबाबा रात्री उशिरापर्यंत जागे राहायचे आणि मध्यरात्र उलटली की मुलाला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडून उसने आणायचे. पैसा नव्हता, जागा नव्हती, पण बाप जागा होता.

मग आपल्या बीडच्या बापाचं काय झालं? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तिकडं ऊस आणि इकडं बालाघाटाची कोरडी जमीन. १९७२ च्या दुष्काळानं उरलंसुरलं मोडलं आणि हाती कोयता आला. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बाप घेतो, मुकादमाशी बोली बाप करतो. पण पहाटे उठून चूल पेटवणं, पाणी आणणं, दिवसभर मोळ्या वाहून परत लेकराला पाजणं बाईकडं. लहानग्याला फडाच्या कडेला सांभाळते ती थोरली पोरगी. म्हणजे बाप जवळ असूनही लेकराला मिळत नाही आणि पोरीची शाळा सुटते. शाळा सुटली की पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही भीती येते आणि लग्नाची घाई होते.

मुलगी नको, हे दुखणं तर त्याच्याही आधीचं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ ला त्या ८०७ राहिल्या. मुलगा की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हे शास्त्र सांगतं. बोल मात्र आईला लागतो.

बाहेरच्या जगात काय झालं? स्वीडन देशानं १९७४ सालीच लेकरासाठीची पगारी रजा आईबरोबर बापालाही दिली. आपल्याकडं केंद्र सरकारच्या नोकराला लेकरू झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. कोयत्यावरच्या बापाला अशी रजा कोण देणार? तो फडावर गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सगळा दोष एकट्या बापाच्या स्वभावावर टाकून भागत नाही. कामाची रीतही त्याला लेकरापासून तोडते.

दाखल्यावर लेकराच्या नावापुढं मात्र बापाचंच नाव लागायचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असा महाराष्ट्राचा नियम झाला. आपलं नाव लेकराच्या नावाला जोडून आलं. आता बापानं कागदावरून उतरून घरात यावं.

ते कसं? मोठ्या गोष्टी नकोत. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक लागतात, त्यात बापांनाही बसवा. पालकसभेचा निरोप त्यांनाही द्या. लस द्यायला, अंगणवाडीत वजन करायला एखाद्या वेळी त्यांना धाडा. चुकत-माकत करतील, पण हसू नका; हसलं की गडी परत हात लावत नाही. उचल घेण्याआधी लेकरं कुठं राहणार, हे दोघांनी मिळून ठरवा. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची चौकशी बापालाच करायला लावा. आणि पोरीचं लग्न अठराच्या आत ठरत असेल, तर "नाही" हा शब्द बापाच्या तोंडून निघाला पाहिजे. भावकी त्याचं लवकर ऐकते. तो बोलत नसेल तर १०९८ हा फुकट फोन आहेच.

एक खुलासा. जो बाप पिऊन मारतो, त्याला लेकराजवळ ओढून आणा, असं मी म्हणत नाही. तिथं आधी लेकराचा आणि आईचा जीव.

येत्या बैठकीत बचत गटाचा हिशेब झाला की एकमेकींना एवढंच विचारा: आपल्या लेकराची इयत्ता त्याच्या बापाला माहीत आहे का? नसेल तर त्याच रात्री, जेवताना, लेकराच्याच तोंडून त्याला सांगू द्या. माउली म्हणायचा मान आपल्या गड्यांना फार जुना आहे. आता कामही त्यांच्या हाती द्या.

रामराम.