पोटाची खिडकी : राग, चिंता आणि पचन

मंडळी, पोट आणि पचन हा विषय तत्त्वज्ञानाच्या मास्तराने कशाला घ्यावा, असं काहींना वाटत असेल. पण मन वेगळं आणि शरीर वेगळं, हे देकार्तनं १७ व्या शतकात मांडलं, आणि ते शिकवण्यात नि खोडण्यात आमची नोकरी संपली. फळ्यावर तो वाद काही मिटला नाही. एका माणसाच्या जठरात मात्र त्याच्यावर बराच प्रकाश पडला. आज त्या माणसाबद्दल बोलू.

तसं आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने घास उतरत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर असं सांगितलंय, की बेताने खाल्लेलं, पथ्याचं अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही. म्हणजे ताण आणि जीवनशैली ही जोडी काही आजची नाही. पण हे सगळं बाहेरून केलेलं निरीक्षण. आत डोकावून कोण बघणार?

६ जून १८२२ रोजी ती संधी मिळाली. अमेरिकेच्या उत्तरेला मोठी सरोवरं आहेत, तिथल्या मॅकिनॅक बेटावर अमेरिकन फर कंपनीचं दुकान होतं. तिथे चुकून एक बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून लागली. हा फ्रेंच-कॅनडियन, कातडी वाहणाऱ्या नावांवरचा मजूर. लष्करी सर्जन विल्यम बोमाँटने उपचार केले. माणूस जगला, पण भोक बुजलं नाही. जठराची कड जखमेच्या कडेला चिकटून बरी झाली आणि पोटाला कायमची खिडकी राहिली. आतल्या अस्तराची एक घडी तिच्यावर पडद्यासारखी यायची. ती बोटाने सारली की आतलं दिसे!

१ ऑगस्ट १८२५ ला बोमाँटने मांस, पाव, कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडले, आणि तासातासाने ओढून बघितले. पुढच्या काही वर्षांत असे दोनशेहून अधिक प्रयोग झाले. त्यांवरचं त्याचं पुस्तक १८३३ साली निघालं. पचन हे मुख्यतः रसायनाचं काम आहे, हे त्यातून पक्कं झालं. आणि आणखी एक नोंद त्यात आहे. माणूस चिडलेला किंवा घाबरलेला असला, की जठराचं अस्तर कधी लाल नि कोरडं पडतं, कधी फिकट. पाचकरस कमी सुटतो आणि अन्न रेंगाळतं.

आता आम्हाला खरा प्रश्न इथे पडतो. सेंट मार्टिन चिडत होता कशावर? तो बोमाँटच्या घरी लाकडं फोडायचा, ओझी वाहायचा, आणि उरलेल्या वेळात उपाशी पडून पोट उघडं ठेवायचा. १८२५ मध्ये तो न विचारता कॅनडात निघून गेला, लग्न केलं. चार वर्षांनी बायकामुलांसह परत आला, तो पैशांसाठी. १८३२ च्या करारात वर्षाला १५० डॉलर आणि राहणं-जेवण ठरलं होतं. बोमाँटने रागाचा परिणाम बारकाईने टिपला. त्या रागात आपला वाटा किती, हा रकाना मात्र वहीत नाही. (बोमाँटला खलनायक करायचं नाही. जीव त्यानेच वाचवला होता.)

पुढचा इतिहास भरभर सांगतो. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅननने क्ष-किरणांखाली मांजरं पाहिली. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘टॉम’ या नावाने प्रसिद्ध झालेला, पोटाला तसंच भोक असलेला एक माणूस अभ्यासला गेला. भीतीत त्याचं जठर फिकट पडे, रागात मात्र लाल होऊन आम्ल वाढे. बोमाँटच्या नोंदीशी हे पुरतं जुळत नाही. राग एकाच साच्याचा नसतो, एवढं त्यातून कळतं. मग काय, अल्सर म्हणजे चिंता, असं समीकरणच झालं. रुग्णाला सांगत, काळजी सोडा, दूध प्या. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वॉरन आणि मार्शल यांना जठरात जिवाणू सापडला. मार्शल १९८४ मध्ये तो स्वतः प्यायला, आजारी पडला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मन निर्दोष सुटलं!

पण पुरतं सुटलं का? तो जिवाणू ज्यांच्या पोटात आहे, त्यांतल्या बहुतेकांना अल्सर होत नाही. आणि १९४० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा तिथल्या रुग्णालयांत अल्सर फुटलेल्यांची संख्या एकदम वाढली होती. जिवाणू काही विमानातून आले नव्हते. ‘मन की शरीर’ असा पर्याय देणारा प्रश्नच चुकीचा, असं आमचं मत आहे. आणि दुसरं असं, की रात्रपाळीच्या माणसाला ‘वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, ताण घेऊ नका’ म्हणणारा वैद्य बोमाँटच्याच वहीत लिहितोय. पाळी कोण लावतं, तो रकाना इथेही कोराच.

सेंट मार्टिनचं सांगायचं राहिलं. १८३४ ला तो कॅनडात गेला, तो बोमाँटकडे पुन्हा आला नाही. बोमाँट बोलावत राहिला, १८५३ मध्ये वारला. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला. त्याचं जठर मिळावं म्हणून डॉक्टर मागे लागतील, हे घरच्यांना माहीत होतं. त्यांनी मृतदेह उन्हाळ्यात चार दिवस तसाच ठेवला, कुजू दिला, आणि मग आठ फूट खोल पुरला.