पिठाचा कोंबडा

तिकोणा पेठेत पाऊस लागला की मुलं स्वयंपाकघरात येऊन कणकेचे पक्षी करतात. ते मोडायला लागली की मला यशोधराची कथा आठवते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ती संस्कृत ‘यशस्तिलका’त सांगितली, पुढे मेघराजांनी मराठीत ‘जसोधर रास’ रचला.

यशोधर उज्जैनीचा राजा. वाईट स्वप्नाचं निमित्त झालं आणि आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. जीव मारायला तो तयार नव्हता, पण आईचा शब्दही मोडवेना. मग पिठाचा कोंबडा केला आणि खऱ्या बळीचं फळ मिळावं म्हणून त्यावर शस्त्र चालवलं.

रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी पुढच्या जन्मी तो मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि जन्मामागून जन्म दोघं मारली गेली. लहानपणी हे मला फार कठोर वाटे. बिचारा आईसाठीच तर वाकला होता! (साने गुरुजींच्या श्यामचं नशीब, त्याची आई वेगळी होती.) आता मात्र त्या कोंबड्यापेक्षा ‘खऱ्या बळीचं फळ’ हे मागणंच मला खुपतं.

अखेर हीच माय-लेकरं अभयरुची आणि अभयमती ही जुळी भावंडं होऊन जन्मतात. कोवळ्या वयात दीक्षा घेतलेल्या या दोघांना मारिदत्त राजासमोर बळी म्हणून उभं करतात. ती न घाबरता त्याला आपल्या मागच्या जन्मांची हकीकत सांगतात, आणि राजा तलवार खाली ठेवतो.